फिकटाला एक खाच

११ मार्च १९९७

ऑर्फा,

अक्षरावरून कळलंच असेल कोणाचं पत्र आहे ते. तरी फाडू नकोस, काम आहे.

परवा तुझ्या जनेलचा ओरेगनहून फोन आला. इथलं तुझं घर विकलं गेलं म्हणाली. घेणारं जोडपं तरुण आहे, बाई पोटुशी आहे, आणि त्यांना पाळण्यासाठी नेमकी तुझी शिवणाची खोली हवी आहे. ईस्टरच्या आत ती रिकामी करून द्यायची आहे. "एल्डा मावशी, कॅन्ससमध्ये तुझ्याशिवाय आता आमचं कोण आहे?" असं म्हणाली. हे आईला घेऊन जाताना आठवलं असतं तर बरं झालं असतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीला कशाला बोलायचं? बोलायचं ते तुला. तू गाव सोडलंस हे मला चर्चच्या पत्रकात वाचून कळलं. सामुदायिक जेवणाला कोणी बटाट्याची कोशिंबीर आणायची त्या सूचनेच्या खाली तुझं नाव होतं. सख्खी बहीण मी, आणि राहते एका मैलावर. दीड वर्षं होईल त्याला.

फोन करणार होते. पण फोनवर माझा आवाज ऐकून तू रिसीव्हर ठेवून दिलास तर तिथंच संपलं. पत्र रागाने ठेवून दिलं तरी दुसऱ्या दिवशी परत उचलता येतं.

राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. बायबलच्या वर्गात त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट निघाली होती. मोठमोठी कोठारं बांधून भरून ठेवली आणि त्याच रात्री मरून गेला तो. मी म्हणाले, "काही कोठारांत गहू नसतो, घड्या घातलेलं सुती कापड असतं." सगळे तुझ्याकडे बघून हसले. तूही हसलीस. मग घरी जाऊन काय केलंस ते मला कोण सांगणार?

आणि खरं सांगू का, माझं मत आजही तेच आहे. एका गोधडीपुरतं कापड आणावं, ती शिवून संपवावी, मग पुढचं आणावं. आईने जन्मभर तसंच केलं आणि तिच्या गोधड्या अजून आपल्या मुलांच्या अंगावर आहेत. तुझं म्हणणं, कापड समोर असलं की गोधडी सुचते. असेल. पण तुला एक सुचते तेवढ्यात तू तीन गोधड्यांचं कापड आणून टाकतेस. ह्या हिशेबाने बायबलातल्या नऊशे वर्षांच्या मतूशलहाइतकं आयुष्य लागेल. आम्ही इथं चर्चच्या तळघरात निर्वासितांसाठी दोऱ्याच्या गाठी मारून दुलया गाठतो, अस्तराला जुन्या चादरी फाडतो, आणि तुझ्याकडे एक अख्खी फळी नुसत्या गुलाबीची.

विलार्डला विचारलं तर तो म्हणाला, "ज्याच्या शेडमध्ये बंद पडलेले तीन ट्रॅक्टर आहेत त्याने ह्या वादात पडू नये." नवरा क्वचित शहाण्यासारखं बोलतो, तेव्हा ऐकून घ्यावं.

काय ठेवायचं ते कळव. नाही कळवलंस तर मी माझ्या मनाने करीन.

एल्डा

२५ मार्च

ऑर्फा,

तुझं उत्तर नाही. न बोलणं म्हणजे हो, असं धरून मी कामाला लागले.

खोली उघडली आणि आधी खुर्चीच शोधली. मला वाटलं होतं एका दुपारचं काम आहे. भिंतीला भिंत कापडाची झालीय, खिडकीसुद्धा अर्धी झाकलीस. आणि हे काय करून ठेवलंस? पूर्वी तुझ्या फळ्या बघणाऱ्याला निदान शोभा तरी होती. निळे निळ्यांत, हिरवे हिरव्यांत, ती गुलाबीची फळी. आता पिवळ्याच्या खाली फिकट निळा, त्याखाली गुलाबी, तपकिरीला जांभळा खेटून. म्हातारपणी सगळ्यांचंच थोडं सरकतं, पण तू माझ्याहून चारच वर्षांनी मोठी आहेस.

दुसरी गोष्ट त्या खाचांची. आईची रीत आपल्या दोघींना पाठ आहे. कापड धुऊन झालं की कोपऱ्याजवळ कात्रीने एक बारीक खाच मारायची, म्हणजे शिवताना विचार करायला नको, रंग सुटायचा तेवढा सुटून गेलेला आहे. तुझ्या कापडांना मात्र कुठं एक, कुठं ओळीने दोन, कुठं तीन. तीनतीनदा धुतलंस काय? एवढं तर आपण तान्ह्या पोरांना धुतलं नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचं कापड उंदराने कुरतडल्यासारखं दिसू नये, म्हणून मी लाकडी पट्टी धरून एकूण एक कापडाच्या कडा सरळ कापून काढल्या. बोटांना फोड आले. आभार मानायची घाई नाही.

पहिले खोके चर्चच्या तळघरात नेले तेव्हा लिओना त्यात कमरेपर्यंत वाकली. लिओना कशी आहे तुला माहीतच आहे, चष्मा डोक्यावर आणि जीभ बाहेर.

"हे बघ, ह्या चेरीच्या छापासाठी मी विचिटापर्यंत जाऊन आले होते. आणि ऑर्फा माझ्या शेजारी बसून म्हणत होती, मिळेल गं, मिळेल."

"तिच्याकडे मागायचं होतंस," मी म्हणाले.

"मागितलं असतं तर तिने दिलं असतं. म्हणून तर मागितलं नाही." मग घडी छातीशी धरून म्हणाली, "तू तिला कोठाराची गोष्ट ऐकवलीस, एल्डा. पण योसेफाची ऐकवली नाहीस. त्याने मिसरात सुकाळाची सात वर्षं धान्य भरलं तेव्हा तुझ्यासारख्यांनी नावंच ठेवली असतील. दुष्काळ पडल्यावर कोण कोणाच्या दारात गेलं?"

"योसेफाला देवाने सांगून ठेवलं होतं. ऑर्फाला कोणी सांगितलं, दुकानदाराने?"

सगळ्या हसल्या. लिओना हसली नाही, पण ती चेरीचं कापड मोजत होती.

निम्म्याच्या वर कापडाच्या दुलया गाठूनसुद्धा झाल्या आणि गठ्ठे बांधून ट्रक गेला. हिरवे, तपकिरी आणि ते सगळे चौकडे त्यात गेले. कुठल्यातरी थंड तंबूत एखादं पोर त्याखाली झोपेल. तुला बरं वाटायला हवं, मला तरी वाटलं. बाकीचं माझ्या मागच्या खोलीत खोक्यांत आहे, तेही जाईल.

एक निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. उजेडात नीट बघावं म्हणून काढलं होतं. अजून बघून झालेलं नाही.

एल्डा

७ एप्रिल

ऑर्फा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. पाकिटावर अक्षर जनेलचं, आत पाच पानं, आणि एकेका पानावर शाळेच्या फळ्यावर लिहावेत तेवढाले तीन-चार शब्द. मी विलार्डला म्हणाले, "बघ, ओरडून लिहिलंय तिने." पानं जमिनीवर मांडली आणि उभ्याने वाचली.

"एल्डा, डोळे गेले. कापडाच्या खाचा बोटांनी वाचते. तुझी सरळ कापायची खोड मला माहीत आहे. कापू नकोस."

दोनदा वाचलं. मग जनेलला फोन केला. तिला वाटलं होतं मला माहीत आहे. तिने सांगितलं, नजरेच्या मधला भाग गेलाय, कडेकडेचं तेवढं उरलंय. समोर माणूस उभं राहिलं तर तुला त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. आणि हे काही आत्ताचं नाही. बायबलच्या वर्गाच्या आधी वर्षभर डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं.

म्हणजे मी कोठाराची गोष्ट केली तेव्हा तू माझ्याकडे बघून हसलीस असं मला वाटलं. तुला माझं तोंडही दिसत नसणार.

ऑर्फा, सगळ्या कापल्या मी. एकही खाच उरलेली नाही. माझं दुसरं पत्र आतापर्यंत जनेलने तुला वाचून दाखवलं असेल, त्यात मी कौतुकाने लिहिलंय ते. उंदीर आणि तान्ही पोरं हेही लिहिलंय. ते परत घेता येत नाही.

मी चिडले आहे. स्वतःवर तर आहेच, पण तुझ्यावरही आहे. ज्या बहिणीबरोबर एका पलंगावर झोपून मोठी झालीस तिला सांगता आलं नाही? मी काय केलं असतं? हसले असते? तुला तसं वाटलं असेल तर ते मला त्या डोळ्यांच्या बातमीइतकंच लागलं. शेवटी शेवटी तू वेड्यासारखं कापड आणत होतीस, दर शनिवारी गाडी दुकानासमोर, आणि मी खिडकीतून बघून जीभ चावत होते. मला हाव दिसली. दुसरं काही असू शकेल असं माझ्या मनातही आलं नाही.

माझी पत्रं तुला जनेलच वाचून दाखवणार, हे आता लक्षात आलं. तर जनेल, तुला एकच सांगते. लिहिलंय तसं वाच. आईला वाईट वाटेल म्हणून एक शब्द गाळू नकोस आणि माझे शब्द मऊ करू नकोस. मी मऊ बोलले तर तिला वाटेल मी मेले.

ते खाचांचं काय होतं ते नीट कळव. एक म्हणजे काय, तीन म्हणजे काय? खोकी कुठं जात नाहीत आता. लिओनाला सांगून टाकलंय.

तुझी,
एल्डा

१२ मे

प्रिय ऑर्फा,

तू सांगितलेलं आणि जनेलने लिहून घेतलेलं पत्र मिळालं. "आई म्हणते एल्डाला गाढव म्हण, पण मी लिहिणार नाही" असं तिने लिहिलंय, म्हणजे पोचलं.

फिकटाला एक खाच, मधल्याला दोन, गडदाला तीन. इतकं सोपं होतं. "रंग कुठलाही लागला तरी चालतो. फिकट कुठलं आणि गडद कुठलं एवढं कळलं की गोधडीवर तुकड्यांचा तारा उठून दिसतो." हे मी विलार्डला मोठ्याने वाचून दाखवलं. आणि पुढचंही वाचलं: "आता दुकानात गेले तर विकणारीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. माझ्या फळीपाशी तो मला माझ्याच जुन्या डोळ्यांवर ठेवता येत होता. डोळे होते तोवर जमेल तेवढं कापड आणलं, नीट बघितलं, खाच मारली. पुढे वीस वर्षं जगले तरी पुरेल एवढं." विलार्ड टोपी घालून शेडमध्ये गेला आणि जेवायला उशिरा आला.

साठा करावा की नाही ह्यावर मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले, आणि सबंध वेळ माझ्या डोक्यात उद्याचा दिवस आजच्यासारखाच होता. दुकान उघडं असेल, गाडी चालवता येईल, सुईत दोरा ओवता येईल. आईचंही तसंच होतं, आई शेवटच्या दिवसापर्यंत दोरा ओवत होती. म्हणून तिची रीत तिला पुरली. तरी चाळीस गुलाबी जास्त होते, ह्या मतावर मी ठाम आहे. जनेल, हे वाच.

तू विचारतेस, उरलेल्याला पुन्हा खाचा मारशील का? पत्र आल्यापासून तेच करतेय. विचार न करता कापायला सोपं होतं, विचार करून खाच मारायला अवघड आहे. पिवळा फिकटच, असं आपण म्हणतो. पण मोहरीसारखा पिवळा आणि आभाळासारखा निळा शेजारी ठेवले की पिवळाच गडद निघतो. एकटं असताना कुठलंच कापड धड फिकट नाही आणि धड गडद नाही, शेजारी कोण आहे त्यावर ठरतं. माणसांचं असंच असेल, पण मला आत्ता माणसांचा विचार करायला वेळ नाही. सकाळी मी दोन खाचा ठरवते, दुपारी त्याच कापडाला तीन वाटतात. विलार्डला विचारलं तर तो म्हणतो, "हे कापड आहे एवढं मी खात्रीने सांगू शकतो."

पण शेवटी कामाला तोच आला. ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याची लाल काच घेऊन आला शेडमधून. म्हणाला, "ह्यातून बघ. रंगच दिसणार नाहीत, नुसता उजेड-अंधार दिसेल." डोळ्याला लावून बघितलं तर खरंच की. सगळी खोली एकाच रंगाची झाली, आणि त्यात फिकट होतं ते वर आलं, गडद होतं ते खाली बसलं. आता काम झपाट्याने चाललंय. सकाळचे झ्विबाक पाव भट्टीत टाकते आणि ते होईपर्यंत एक खोकं संपवते. काच डोळ्याला लावून बसलेली बघून लिओना म्हणाली, "चाच्यांची राणी दिसतेस."

सोबत पहिलं पुडकं पाठवतेय, एका ताऱ्याला पुरेल एवढं, फिकट आणि गडद. तुझ्या खाचा होत्या तिथंच मारल्यात, कोपऱ्यापासून अंगठ्याच्या अंतरावर. करून बघ. नाही जमलं तर पुडकं परत पाठव, आणि शिव्या स्वतःच्या अक्षरात लिही, मी जमिनीवर मांडून वाचीन.

एक मात्र कळतं मला. आधी ह्या खाचा तुझ्या डोळ्यांच्या होत्या, आता माझ्या आहेत. आणि मी तीच, जिने न विचारता सगळं कापून टाकलं. तुझी बोटं त्यांवर ठेवायची की नाही हे तूच ठरव.

तुझी,
एल्डा

२२ जून

प्रिय ऑर्फा,

कापणी चालू आहे, घरभर गव्हाचा भुसा आहे, आणि तुझं पाकीट आलं. हात धुऊन उघडलं. आठ टोकांचा तारा, बोटभर जागेत आईला आवडतील इतके टाके, एकही वाकडा नाही. आत जनेलची चिठ्ठी: "आई विचारते, बरोबर आलाय का? मी सांगितलं सुंदर आलाय. आई म्हणते, तू मला उकडलेलं अंडंसुद्धा सुंदर म्हणतेस, एल्डाला विचार."

मी तो दारात नेऊन बघितला, मग मागच्या अंगणात नेऊन बघितला, मग टेबलावर टाकून स्वयंपाकाला लागले. कापणीची माणसं जेवायला होती, पनीर भरलेले व्हेरेनिके आणि हॅमचा रस्सा करायचा होता. प्रत्येकजण टेबलाजवळून जाताना बघत होता.

विलार्ड म्हणाला, "सुंदर आहे म्हणून लिही. काय बिघडतं? ती बघणार आहे थोडीच?"

मी त्याला रस्सा वाढला नाही.

लिओना मदतीला आली होती. तिने चष्मा खाली घेतला, बघितलं, आणि तिला लगेच दिसलं. ती म्हणाली, "जुन्या बायका मुद्दाम एक तुकडा चुकवायच्या म्हणतात, देवापुढे नम्र राहावं म्हणून. तसं सांग."

"लिओना, तुला कधी मुद्दाम चुकवावा लागलाय?"

"नाही," ती म्हणाली. "मला देवाने आपणहून नम्र ठेवलंय."

रात्रभर नाही म्हणणार, पण झोपताना बराच वेळ मी ह्याच विचारात होते. सुंदर आहे असं लिहिलं तर तू पुढचा तारा करशील, आणखी एक करशील, उरलेलं आयुष्य सुखाने शिवत बसशील. तुला कधी कळणारही नाही. आणि खरं लिहिलं तर कदाचित तू सुई ठेवून देशील. माझ्या खाचांवरचा भरवसा जाईल, आणि आता तुझ्याजवळ दुसऱ्या कोणाच्या खाचा नाहीत. तुझं शिवणं माझ्या एका ओळीवर आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काय लिहावं ते कळत नव्हतं. जनेल, हे हळू वाच, मला हरकत नाही.

मग मनात आलं, गोड बोलणारी माणसं तुझ्या घरात आहेतच. तरी तू पाकीट दीड हजार मैलांवर पाठवलंस.

तर ऐक. तारा चुकलाय. सहा टोकं उठून दिसतात. वरच्या उजव्या कोपऱ्यातली दोन बुडाली आहेत. तारा गडद आहे, भोवती फिकट हवं, आणि तिथं तू लाल लावलंस. खोल लाल आहे तो, बिटासारखा. त्याला तीन खाचा हव्या होत्या, मी एक मारली. शिवण तुझी सरळ आहे, खाच माझी चुकली. मी लाल काचेतून बघत होते ना. लाल काचेतून लाल बघितलं की ते फिकट दिसतं, हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत असणार. ज्या बाईने कधी एका गोधडीपलीकडचं कापड घरात आणलं नाही तिला हे कळायची वेळच आली नाही.

तो लाल तुकडा उसव. तो कोपरा अस्सल फिकटाचा कर, सोबत पाठवतेय, ह्याला मी नुसत्या डोळ्यांनी भर उन्हात बघितलंय. इथले सगळे लाल खोक्यांतून बाहेर काढलेत, पुन्हा पहिल्यापासून बघतेय. काच विलार्डला परत दिली.

उसवलंस की नाही तेवढं कळव. उसवलं नसलंस तरी कळव.

तुझी,
एल्डा

१५ जुलै

प्रिय ऑर्फा,

आज पुन्हा पानं जमिनीवर मांडली. ह्या वेळी अकरा होती, स्वयंपाकघर पुरलं नाही, शेवटची तीन ओसरीत गेली. विलार्ड त्यांच्यामधून पाय उचलून उचलून चालत होता, कोंबडं चालतं तसा.

"एल्डा, तो लाल मला हात लावताच कळला. पोत गोणपाटासारखा जाड आहे. मार्विन गेला आणि मी एकटी पडले त्या वर्षी घेतला होता, झोपेतही ओळखीन. एक खाच लागली तेव्हाच म्हटलं, चुकली ही. मुद्दाम लावला. तू सांगतेस का ते बघायचं होतं. आता बाकीची खोकी पाठव."

लबाड म्हातारी. मी त्या एका कोपऱ्यापायी कापणीच्या दिवसांत झोप घालवली, नवऱ्याचा रस्सा तोडला, आणि तू तिथं ओरेगनमध्ये बसून माझी परीक्षा घेत होतीस. मी जमिनीवर बसून तुला वाटेल ते बोलले, मोठ्याने. मग रडले. विलार्डने पाण्याचा पेला आणून दिला.

बाकीची खोकी, म्हणतेस. म्हणजे माझ्या खाचांसकट. एवढंच वाक्य मी कितीतरी वेळ हातात धरून होते.

पण खोकी राहिलेली नाहीत. मागच्या खोलीत विलार्डने फळ्या ठोकल्या आहेत, भिंतीला भिंत. कापड सगळं त्यावर चढलंय, फिकट वर, मधलं मध्ये, गडद खाली. लिओना येऊन चेरीचं कापड परत ठेवून गेली, उरलं होतं तेवढं. ह्या घरात कापडाचा साठा आहे असं आता गावभर झालंय, आणि रविवारी दोघींनी मला योसेफ म्हणून हाक मारली. बोलू दे. मला विचाराल तर अजूनही म्हणेन, ज्याला गरज नाही त्याने साठवू नये. फक्त गरज कोणाला आहे हे आता मी खिडकीतून बघून ठरवणार नाही.

तर मी काही पाठवणार नाही. तू ये. कापणी संपली आहे, गाडी घेऊन विलार्ड स्टेशनवर येईल. पलंग त्याच खोलीत टाकलाय, दोघींपुरता रुंद आहे. खोली दक्षिणेकडची आहे, दिवसभर उजेड असतो.

"मला उजेडाचं काय?" असं म्हणशील. मला लागेल ना.

तुझी,
एल्डा